भिंग आणि अंतर

मळवलीच्या स्थानकावर उतरून भाज्याच्या दिशेने चालू लागले, की डाव्या हाताला विसापूर आणि उजव्या हाताला लोहगड असे दोन जुळे पहारेकरी सामोरे येतात. शाळेच्या सहलींबरोबर ही वाट मी किती वेळा चाललो, याची मोजदाद आता उरलेली नाही. अशाच एका सहलीत, हिवाळ्यातील एका सकाळी, सातवीतील एका मुलाने माझ्या खांद्यावरील पिशवीकडे बोट दाखवून विचारले, "गुरुजी, कॅमेरा तर एकच आहे; मग ही तीन-तीन नळकांडी कशाला? आमच्या घरच्या मोबाइलला तर असले काहीच लागत नाही."

प्रश्न सरळ होता, पण उत्तर वाटेत चालता चालता देण्याजोगे नव्हते. "गडावर पोहोचल्यावर सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. गडावर पोहोचल्यावर डबे उघडले गेले आणि प्रश्न विसरला गेला. ते राहिलेले उत्तर आज देत आहे.

कॅमेऱ्याचा जीव त्याच्या भिंगात असतो. पेटी, मग ती फिल्मची असो की आजच्या विद्युत पद्धतीची, केवळ प्रकाश टिपून ठेवते. काय टिपायचे, ते भिंग ठरविते. घरात एखादे वाचनाचे भिंग असेल तर पुढील प्रयोग करून पाहा. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ उभे राहून भिंग भिंतीपुढे धरा आणि हळूहळू पुढे-मागे करा. एका ठरावीक अंतरावर खिडकीबाहेरील झाड भिंतीवर उलटे, चिमुकले, पण लख्ख उमटेल. दूरच्या वस्तूची स्पष्ट प्रतिमा भिंगापासून जितक्या अंतरावर पडते, त्या अंतरास भिंगाचे नाभीय अंतर म्हणतात. आता याहून अधिक नाभीय अंतराचे भिंग घेऊन तोच प्रयोग करा. प्रतिमा आणखी दूर पडेल आणि झाड मोठे दिसेल. छायाचित्रकाराच्या पिशवीतील त्या तीन नळकांड्यांचे सारे रहस्य एवढेच आहे.

फिल्मच्या काळात सर्वत्र रूढ झालेली चौकट २४ मिलिमीटर उंच आणि ३६ मिलिमीटर रुंद होती. आजही पुष्कळ कॅमेऱ्यांत तीच आहे. या चौकटीस ५० मिलिमीटरचे भिंग लावले, तर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुमारे ४७ अंशांचे दृश्य मावते. २४ मिलिमीटरच्या भिंगात तेच ८४ अंशांपर्यंत पसरते, आणि ४०० मिलिमीटरच्या भिंगात अवघ्या ६ अंशांवर येते. पहिल्यास सामान्य, दुसऱ्यास विस्तृत कोनाचे आणि तिसऱ्यास दूरदर्शी भिंग म्हणता येईल. मोबाइलमध्येही भिंग असतेच. परंतु ते काही मिलिमीटरांचे, विस्तृत कोनाचे असते. पडद्यावर दोन बोटे फाकवून आपण चित्र मोठे करतो तेव्हा बहुधा भिंग काहीच करीत नाही. मधला तुकडा कापून तो ताणला जातो. अलीकडच्या काही मोबाइलांत दूरचे दाखविणारे वेगळे भिंग बसविलेले असते, ती गोष्ट निराळी.

येथे थोडे गणित करू. लालबुड्या बुलबुल आपल्या सर्वांच्या ओळखीचा पक्षी. त्याची लांबी सुमारे २० सेंटिमीटर. तो आपल्यापासून १० मीटरांवर बसला आहे आणि आपल्याजवळ ५० मिलिमीटरचे भिंग आहे, तर त्याची प्रतिमा किती मोठी पडेल? पक्ष्याच्या लांबीस नाभीय अंतराने गुणावे आणि पक्ष्याच्या अंतराने भागावे. उत्तर येते १ मिलिमीटर. २४ मिलिमीटर उंचीच्या चौकटीत हा बुलबुल म्हणजे डाळीत पडलेला खडा! हेच भिंग ४०० मिलिमीटरचे असेल तर प्रतिमा ८ मिलिमीटरांची, म्हणजे चौकटीच्या एक तृतीयांश होईल. पिसाचा पोत दिसेल, डोळ्यातील चमक दिसेल. आता गणित उलटे मांडा. ५० मिलिमीटरच्या भिंगाने तीच ८ मिलिमीटरांची प्रतिमा हवी असेल, तर पक्ष्यापासून किती अंतरावर जावे लागेल? सव्वा मीटर. हात पुढे केला तर फांदीला लागेल, इतके जवळ.

हे गणित मी फळ्यावर पुष्कळ वेळा मांडले आहे. परंतु ते मी पुस्तकातून शिकलो नाही.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मावळात शिक्षकाची नोकरी नुकतीच लागली होती. एका स्नेह्याकडून कॅमेरा मागून आणला होता. त्याला ५० मिलिमीटरचे एकच भिंग होते, आणि दुसरे विकत घेण्याची ऐपत नव्हती. एप्रिल महिन्यात, भाज्याहून विसापूरकडे चढणाऱ्या पायवाटेच्या कडेला, करवंदीच्या जाळीत मला बुलबुलाचे घरटे दिसले. आत तीन पिले होती. अंगावर पिसे नीट फुटलेली नव्हती. चोची मात्र आभाळाएवढ्या उघडत होत्या. माझ्या आनंदास पारावार उरला नाही. परंतु जाळी दाट होती आणि आत सावली होती. प्रकाश यावा म्हणून मी समोरच्या दोन फांद्या मोडल्या. भिंग आखूड, म्हणून जवळ जाऊन बसलो. अगदी सव्वा मीटरावर. आईबाप जवळच्या झुडपावर ओरडत होते. एकाच्या चोचीत अळी होती. ती घेऊन तो या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारीत होता आणि घरट्याकडे येत नव्हता. पाऊण तास मी तसाच बसून राहिलो. शेवटी एकदा तो आला, आणि मी कळ दाबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो, तेव्हा घरटे रिकामे होते. ज्या बाजूच्या फांद्या मी मोडल्या होत्या, त्याच बाजूने ते कलले होते. कावळ्याने नेली, भारद्वाजाने नेली की सरड्याने, ते मी पाहिले नाही; पण वाट कोणी करून दिली होती, हे मला ठाऊक होते. आठ दिवसांनी पुण्याहून फिल्म धुऊन आली. छायाचित्र उत्तम आले होते. ते आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे. भिंतीवर लावण्याचे धाडस झाले नाही.

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचनात आला. त्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तीत बंदूक झाडणे तर येतेच. परंतु वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे हेही येते. फांद्या मोडणारा मी स्वतःला निसर्गाचा भक्त समजत होतो. कायद्याच्या लेखी मी कोण होतो, हे वाचून मी बराच वेळ स्तब्ध बसलो.

तेव्हा मुलांनो, पक्ष्यांसाठी व प्राण्यांसाठी भिंग निवडताना पहिला विचार 'ते किती मोठे दाखवील' हा नसावा. 'ते मला किती दूर बसू देईल' हा असावा. ३०० मिलिमीटर ही माझ्या मते किमान मर्यादा होय, आणि ४०० मिळाले तर उत्तम. लहान आकाराच्या संवेदकाच्या कॅमेऱ्यांत ३०० मिलिमीटरचे भिंग ४५० मिलिमीटरइतका अरुंद कोन दाखविते, आणि तेथे ७० ते ३०० मिलिमीटरांचे सरकते भिंग विद्यार्थ्याला पुष्कळ वर्षे पुरते. भीमाशंकरच्या रानात शेकरू पाहावयास गेलात, तर तुम्हाला या शहाणपणाची गरजही भासणार नाही. तो आपला राज्यप्राणी झाडांच्या शेंड्यावरून खाली उतरावयास सहसा तयारच नसतो आणि आखूड भिंगाची फजिती आपोआप होते. बुलबुलासारख्या माणसाजवळ राहणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीतच आपला संयम कसाला लागतो.

जवळ न जाता जवळचे चित्र घेण्याची आणखी एक युक्ती फार जुनी आहे. १९२० नंतरच्या दशकात संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर कॅमेरा मांडून ठेवला आणि त्याला बारीक तार जोडली. रात्री वाघाचा पाय तारेला लागला, की झोत उजळे आणि वाघ स्वतःच स्वतःचे छायाचित्र घेई. आज वनखाते वाघांची गणना करताना जंगलात जे स्वयंचलित कॅमेरे लावते, ते या कल्पनेचेच वंशज होत.

लांब भिंग ही काही जादूची कांडी नव्हे. त्याची किंमत पैशांत तर मोजावी लागतेच, पण प्रकाशातही मोजावी लागते. भिंगाच्या छिद्राचा व्यास नाभीय अंतराच्या कितवा भाग आहे, तो आकडा भिंगावर कोरलेला असतो. ४०० मिलिमीटरच्या भिंगावर ५.६ लिहिले असेल, तर छिद्र सुमारे ७१ मिलिमीटरांचे, २.८ लिहिले असेल, तर १४३ मिलिमीटरांचे. हे दुसरे भिंग चौपट प्रकाश घेते. परंतु ते खांद्यावर घेऊन विसापूर चढणाऱ्यास मी दंडवत घालीन. शिवाय लांब भिंग हाताचा कंपही तितकाच मोठा करून दाखविते. जुना नियम असा, की ४०० मिलिमीटरचे भिंग हातात धरून वापरावयाचे तर कळ एका सेकंदाच्या चारशेव्या भागाहून अधिक वेळ उघडी राहू नये. हल्लीच्या भिंगांत कंप शोषून घेणारी योजना असते. ती आपला हात स्थिर करते, उडणाऱ्या पक्ष्याला नव्हे.

याचा अनुभव घ्यावयाचा असेल, तर पावसाळ्याच्या आरंभी लोणावळ्याच्या आसपास एखाद्या ओढ्याकाठी पहाटे जाऊन बसावे. तेथे शीळकस्तूर माणसाच्या शिळेसारखे गाते; एखादा मुलगा शाळेला दांडी मारून रमतगमत शीळ घालीत चालला आहे, असाच भास होतो. पक्षी निळसर काळा, खडक काळा, वर झाडांची सावली आणि आकाशात ढग! तेथे ५.६ चे भिंग हतबल होते. अशा वेळी तिवई लावावी, पक्षी गाण्यासाठी स्थिर बसेल त्या क्षणाची वाट पाहावी, आणि चित्र नच मिळाले तर शीळ ऐकून परत यावे. झोत मात्र टाकू नये. राजमाचीच्या वाटेवर पावसापूर्वी काजवे चमकतात, तेथेही हाच नियम. काजवा प्रकाशाच्याच भाषेत जोडीदाराला हाक मारतो. त्याच्या तोंडावर विजेरी धरणे म्हणजे दोघे बोलत असता मध्येच ढोल बडविणे होय.

पक्ष्यांकडून आता डोंगरांकडे वळू. येथे बहुतेकांची समजूत अशी, की दृश्य विशाल म्हणून भिंगही विस्तृत कोनाचेच हवे. लोहगडावर दक्षिणेच्या तटाशी उभे राहा. खाली पवनेचा जलाशय पसरलेला असतो आणि त्यापलीकडे तुंग व तिकोना आपापली टोके उंचावून उभे असतात. डोळ्यांना ते भव्य दिसतात. २४ मिलिमीटरचे भिंग लावून छायाचित्र घ्या, आणि घरी आल्यावर पाहा: बरेचसे आकाश, बरेचसे गवत, आणि मध्ये वारुळासारखे दोन उंचवटे! दोष डोंगरांचा नव्हे. आपले मन दृश्यातील महत्त्वाचे तेवढे निवडून घेते. भिंग सर्वांना सारखाच न्याय देते. याच जागेवरून १०० मिलिमीटरचे भिंग लावले, की तुंगाचा सुळका चौपटीहून मोठा होतो आणि त्याच्या पायथ्याचे पाणीही चित्रात राहते.

विस्तृत कोनाचे भिंग वापरावयाचे ते जवळची वस्तू दाखविण्यासाठी. लोहगडाचा विंचूकाटा त्याच्या आरंभाजवळ उभे राहून टिपला, तर पायाजवळचा दगड मोठा होतो आणि ती चिंचोळी सोंड दूरवर धावत गेल्यासारखी दिसते. कारवीचा फुलोरा सात-आठ वर्षांनी एकदा येतो; तेव्हा एका झुडपाजवळ वाकून मागे सगळा उतार घेता येतो. मात्र एक लक्षात ठेवा. जवळच्या व दूरच्या वस्तूंचे परस्परांशी प्रमाण भिंगामुळे बदलत नाही. ते आपण कोठे उभे आहोत यावर अवलंबून असते. भिंग फक्त त्या दृश्याभोवती चौकट आखते. म्हणून आधी पायांनी जागा निवडावी आणि मग पिशवी उघडावी.

आता गाळण्यांविषयी, म्हणजे ज्यांना सर्वजण फिल्टर म्हणतात त्यांविषयी. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला, त्याच्या आसपासच्या काळातील छायाचित्रे तुम्ही कधी पाहाल, तर त्यांत आकाश बहुधा कोऱ्या कागदासारखे पांढरे आढळेल. त्या काळी काच ओल्या रसायनाने माखून छायाचित्रे घेत; ही पद्धत १८५१ ची. त्या काचेला निळा रंग फार दिसे आणि हिरवा-तांबडा जवळजवळ दिसतच नसे. निळे आकाश पांढरे उमटे आणि ढग त्यात हरवून जात. १८७३ साली फोगल या जर्मन शास्त्रज्ञाने रसायनात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली, की काचेला हिरवाही दिसू लागतो असे शोधून काढले. पुढे सर्व रंग ओळखणारी फिल्म आली, आणि मग भिंगापुढे पिवळी काच धरण्याची सोय झाली. पिवळी काच निळा प्रकाश अडविते. आकाश गडद होते आणि त्यावर ढग खुलतात. तांबडी काच लावली तर भर दुपारी वादळ आल्याचा भास होतो. कृष्णधवल छायाचित्रे घेणाऱ्यांना हे ज्ञान अद्यापि उपयोगी आहे. रंगीत छायाचित्रासाठी मात्र या काचा निरुपयोगी. सगळे जग काविळीने पिवळे दिसेल.

आज मावळात फिरणाऱ्याच्या खिशात एकच गाळणी असावयाची असेल, तर ती ध्रुवणाची असावी. पाण्यावरून, ओल्या पानावरून वा ओल्या काळ्या कातळावरून परतलेला प्रकाश बराचसा एकाच प्रतलात कंप पावतो. ही गाळणी फिरवून तो प्रकाश अडविता येतो. पावसाळ्यात लोणावळ्याची झाडी छायाचित्रात पांढुरकी का येते? कारण प्रत्येक भिजलेले पान आभाळाचा आरसा झालेले असते. गाळणी फिरविली, की तो आरसा नाहीसा होतो आणि पानाचा अस्सल हिरवा रंग वर येतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन करून पाहिले, तर तळाचे गोटेही दिसतात. आकाशावर तिचा परिणाम सूर्याशी काटकोनात असलेल्या दिशेला सर्वाधिक होतो. म्हणून सकाळी किंवा दुपार कलल्यावर लोहगडावरून दक्षिणेकडे, पवनेच्या बाजूला पाहताना ती फार गुणकारी ठरते.

तथापि तिचे दोष जाणून घ्यावेत. ती तीन-चार पट प्रकाश खाते. अतिविस्तृत कोनाच्या भिंगावर लावली, तर आकाशाचा एक पट्टा गडद व उरलेला फिका होऊन ठिगळ दिसते. धुके ती दूर करीत नाही. धुक्याचे थेंब मोठे असतात आणि त्यांवरून विखुरलेला प्रकाश तिला फारसा जुमानत नाही. आणि एक गंमत. इंद्रधनुष्याचा प्रकाशही ध्रुवित असतो. एकदा खंडाळ्याच्या दरीवर सुरेख इंद्रधनुष्य उमटले असता मी गाळणी भलत्या बाजूला फिरविली आणि डोळा लावून पाहतो तो इंद्रधनुष्य गायब! काच पाव वळसा फिरविली तेव्हा ते परत आले.

दुसरी गाळणी करड्या काचेची. ती कोणताही रंग न बदलता केवळ प्रकाश कमी करते. आठपट कमी करणारी काच लावली, तर एका सेकंदाच्या तिसाव्या भागात होणारे काम सुमारे पाव सेकंद घेते आणि धबधब्याचे पाणी दुधाच्या धारेसारखे मऊ दिसते. हल्ली चौसष्टपट व त्याहून गडद काचा लावून धबधब्याचा कापूस करण्याची हौस फार बोकाळली आहे. मला ती आवडत नाही. आषाढातील सह्याद्रीचे पाणी गर्जना करीत कोसळते. त्याची रजई करून काय साधते? पण हा आवडीचा प्रश्न आहे. अर्धी करडी व अर्धी स्वच्छ अशीही काच मिळते. उजळ आकाश आणि काळोखी दरी यांचा मेळ तिने साधतो. मात्र तिची सीमारेषा ठळक असेल, तर नागफणीचा वर आलेला सुळका निम्मा काळा होतो. आपल्या डोंगरांची क्षितिजरेषा सरळ नसते. म्हणून हळूहळू विरत जाणारी काच घ्यावी.

दुकानदार भिंगाबरोबर आणखी एक स्वच्छ काच गळ्यात मारतो आणि ती जंबुपार किरण अडविते असे सांगतो. आजचे कॅमेरे ते किरण आधीच अडवितात. धूळ, शिंतोडे यांपासून भिंगाचे रक्षण एवढाच तिचा उपयोग. पक्ष्यांच्या छायाचित्रणात तर मी भिंगापुढे काहीच लावीत नाही. तेथे प्रकाशाचा कण न् कण हवा असतो. गाळण्या विकत घेताना आपल्या सर्वांत रुंद भिंगाच्या मापाची घ्यावी आणि लहान भिंगांसाठी जोडकडी वापरावीत; पैसे वाचतात.

लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे भिंगाचा खरा शत्रू म्हणजे बुरशी. माझे एक चांगले भिंग चामड्याच्या पेटीत पावसाळाभर बंद राहिले आणि दसऱ्याला उघडून पाहतो तो काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरलेले! तेव्हापासून घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्यात भिंगे ठेवतो, आणि उघडीप मिळताच त्यांना प्रकाश दाखवितो.

गेल्या एप्रिलमध्ये शेजारच्या दोन मुलांना घेऊन मी पुन्हा भाज्याच्या वाटेने गेलो होतो. करवंदीच्या जाळीत बुलबुलाची ये-जा दिसली. बारा मीटरांवर एका शिळेआड आम्ही बसलो, तिवईवर लांब भिंग लावले आणि थांबलो. थोड्या वेळाने पक्षी अळी घेऊन आला, आमच्याकडे न पाहता थेट आत शिरला, आणि क्षणात बाहेर पडला. असे चारदा झाले. चार छायाचित्रे निघाली. त्यांतील दोन हललेली. मग ऊन सरकले आणि एका पानाची सावली नेमकी घरट्यावर आली.

"आजोबा, ते पान जरा बाजूला करून येऊ?" धाकट्याने हळूच विचारले.

"नको."

"मग फोटो?"

"आज इतकेच," मी म्हणालो आणि भिंगावर झाकण लावले.